खारवलीच्या बंबाचं पाणी

१

खारवलीचा बंब तपासायला आम्ही पोचलो, तेव्हा बंबाच्या शेडमध्ये फौजदार खुर्ची टाकून बसला होता आणि पंपवाला सहदेव खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. आदल्या दिवशी भर दुपारी गावातली गवताची वखार जळाली होती. बंब वेळेवर गेला, नळी पसरली, पंप सुरू झाला, आणि पाणीच आलं नाही. आलं ते उशिरा, आपलं आपण. तोवर वखारीचा माळा खाली आला होता आणि माळ्यावर दुपारचा आडवा झालेला रखवालदार रघू त्याखाली सापडला होता.

वरातीमागून घोडं म्हणतात, तसे आम्ही. चोपन्न सालच्या त्या वैशाखात ठाण्यापासून कल्याणच्या पुढेपर्यंत खाडीकाठच्या लहान गावांमधले बंब कितपत तयारीत आहेत, हे बघत आम्ही हिंडत होतो. आम्ही म्हणजे तपासणी अधिकारी त्र्यंबकराव पोंक्षे आणि त्यांचा मदतनीस मी, सुधीर. मी नौपाड्यातला, साहेब डोंबिवलीचे. साहेब बोलत कमी आणि हात लावून बघत जास्त. आदल्या आठवड्यात खाडीपलीकडच्या शेलवडीला त्यांनी बंबाचा एकेक खिळा चाचपून पाहिला होता. तिथल्या गणू जमादाराला नळीच्या टोकाचं पितळी नोझल नीट बसवता येईना. शेवटी पेचाच्या आट्यांना ताग गुंडाळून त्याने ते कसंबसं घट्ट केलं. साहेब ते नुसते बघत होते. मला मात्र हसू आलं होतं. नवरीला दागिने ढिले, असं काहीसं मी म्हणालोही.

खारवलीला हसण्यासारखं काही नव्हतं.

"उघड आहे सगळं," फौजदार म्हणाला. "पंपाची पाणी सोडायची चावी याच्या हातात. होळीला लाकडांवरून याची आणि रघूची मारामारी झालेली. तेव्हा हा चारचौघांत बोलला, तुझ्या वखारीला आग लागली तर मी बघत बसेन. आग रेल्वे इंजिनाच्या ठिणगीने लागली, ते अख्ख्या गावाने बघितलंय. पण पाणी कोणी अडवलं? दुपारी याला कल्याणला नेतो."

साहेबांनी सहदेवकडे पाहिलं. तिशीच्या आतबाहेरचा तगडा माणूस. डोळे सुजलेले.

"असं बोलला होतास?"

"बोललेलो साहेब," सहदेव म्हणाला. "होळीत माणूस काय काय बोलतो. रघू माझ्या बरोबरीचा. खाडीत एकत्र पोहायला शिकलेलो आम्ही."

साहेब फौजदाराकडे वळले. "बंबाची तपासणी व्हायची आहे. ती होईपर्यंत बंब माझ्या ताब्यात आणि बंबाची माणसंही. संध्याकाळपर्यंत याला कुठे नेऊ नका."

फौजदार हसला. एका दिवसात हा बामण काय शोधणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण त्याने मान हलवली.

२

आधी जागा पाहिली. गावाचं तळं मागच्या अंगाला. काठावर पंप उभा केला होता. तिथून नळी भातगिरणीच्या भिंतीला वळसा घालून पुढे वखारीपर्यंत गेली होती. त्यामुळे पंपापाशी उभ्या माणसाला वखार दिसत नव्हती आणि वखारीपुढच्या माणसाला पंप. मधे गिरणीचा कोपरा.

"म्हणजे तू कशाच्या भरवशावर पाणी सोडतोस?" साहेबांनी विचारलं.

"शिट्टीच्या," सहदेव म्हणाला. "दौलत जमादार पुढे नोझल धरून असतो. त्याची शिट्टी झाली की मी चावी उघडतो. काल शिट्टी झाली, मी उघडली. पुन्हा बंद केलीच नाही."

"पंप कसा चालला होता?"

सहदेवने जरा आठवून पाहिलं. "घुसमटल्यासारखा. ओझ्याखाली बैल कण्हतो ना, तसा. मला वाटलं, गरम झाला असेल. मग एकदम मोकळा झाला."

तळ्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी गाळ अडवायला जाळीची टोपली असते. साहेबांनी ती स्वतः काढून पाहिली. एक पानही अडकलेलं नव्हतं. तळ्याला पाणी भरपूर होतं.

मग दौलत जमादार आला. मिशा पिळलेल्या, कपडे कडक. आदल्या दिवशी माणूस गेलेला असताना याला कपड्यांना खळ घालायला सवड कशी मिळाली, असं माझ्या मनात आलं. आता वाटतं, तो बिचारा आपला धीर गोळा करत असावा. बोलताना मात्र तो साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

"मी शिट्टी दिली साहेब. पाणी नाही. परत दिली. तरी नाही."

"नळी हातात होती. ती कशी लागत होती?"

"ढिली," दौलत चटकन म्हणाला. "एकदम रिकामी. कापडाची पट्टी धरावी तशी. मागनंच बंद असणार."

"आणि पाणी आलं तेव्हा?"

"आलं मग. लालसर आलं थोडं. तळ्याचा गाळ असेल."

"जाळी तर स्वच्छ आहे."

 सहदेव इतका वेळ जमिनीकडे बघत होता, तो आता प्रथमच मान वर करून दौलतकडे बघायला लागला. त्या बघण्यात राग नव्हता. ऐकण्यात काही चूक झाली असावी, असा त्याचा चेहरा झाला होता.

"दौलतदादा," तो म्हणाला, "ढिली होती नळी? खरं सांगतोस?"

दौलत मिशी पिळत तळ्याकडे बघायला लागला.

३

दोघांतला एक खोटं बोलत होता. माझ्यापुरता मी निकाल लावूनही टाकला होता. चावी ज्याच्या हाती, पाप त्याच्या माथी. वाटेत मी तसं बोलून दाखवलं.

"सुधीर," साहेब म्हणाले, "पाणी तीन ठिकाणी अडू शकतं. तळ्यापाशी, चावीपाशी, नाहीतर अगदी पुढे नोझलपाशी. तळं आपण सोडून दिलं. उरलेल्या दोहोंत फरक काय पडेल, सांग बघू."

मला सांगता येईना. साहेबांनीही पुढे काही सांगितलं नाही. त्यांची ही एक वाईट खोड होती.

रघूचं घर खाडीच्या बाजूला होतं. त्याची आई आवडाबाई ओसरीवर बायकांच्या घोळक्यात बसली होती. आम्ही बंबखात्याचे, हे कळल्याबरोबर ती उठली आणि सहदेवच्या सात पिढ्यांचा तिने उद्धार केला. साहेब मान खाली घालून उभे राहिले. शिव्या आम्हाला नव्हत्या, तरी मला वाटलं, त्यातल्या निम्म्या आमच्या वाट्याच्या आहेत.

"मी बगला ना सगला!" ती म्हणाली. "माजा रघू माल्यावर, नि पुरं पान्याचा थेंब नाय. दौलत नुसता नली धरून उबा. म्हनून मी धावत जेली तल्यावर, त्या मेल्या सहदेवला सांगाला, का पानी सोर म्हनून. गिरनीचे कोपऱ्यावर पाय अरकला नलीला नि मी परली. नली कशी, लाकरावानी टनक. सांध्यातनं पानी उसललं, माजा सगला लुगरा भिजला. बगा देवाचा न्याय! माजे अंगावर पानी, नि माजे पोराला थेंब नाय!"

बायकांनी पुन्हा रडायला सुरुवात केली. एक जण आम्हाला म्हणाली, "कालपासून हेच बोलतेय. भ्रमिष्टासारखं झालंय तिला."

साहेब मात्र ओसरीच्या पायरीवर खाली बसले. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आवडाबाई, लुगडं भिजलं तेव्हा माळा पडला होता का?"

"नाय. मी परली, उठली, मागं बगला, तवा माला उबा व्हता. मंगशी परला."

"आणि पुढे पाणी?"

"सांगतंय ना, थेंब नाय!"

साहेब उठले. जाताना त्यांनी तिला हात जोडले. कुंपणाबाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्या माणसाला ती फासावर द्यायला निघाली आहे, त्याला तिनेच आत्ता सोडवलं. तिला ते माहीत नाही."

४

माझ्या डोक्यात उजेड पडायला गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत चालावं लागलं. चावी बंद असती, तर नळीत पाणी शिरलंच नसतं. नळी ढिली, सांधे कोरडे. पण आवडाबाईच्या पायाला नळी टणक लागली होती आणि सांध्यातून पाणी उसळत होतं. म्हणजे सहदेवने सोडलेलं पाणी पुढपर्यंत पोचलं होतं आणि शेवटच्या टोकाला अडलं होतं. पंप घुसमटला तो त्यामुळेच.

"म्हणजे नोझलमध्ये काहीतरी होतं," मी म्हणालो. "आणि दौलत खोटं बोलतोय."

"बोलतोय खरा. पण का? नोझल काही त्याने अडवलं नसणार. रघूशी त्याचं वैर नव्हतं."

शेडमध्ये परत येऊन साहेबांनी बंबाच्या कडेची पत्र्याची पेटी उघडायला लावली. नोझल त्या पेटीत एका कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून उभं ठेवलेलं असे. पेटी उन्हात तापून हात लावू देत नव्हती. मी आत हात घातला आणि बोंबलत मागे घेतला. काळे मुंगळे! पेटीच्या तळाशी त्यांची रांग लागली होती आणि त्यांतला एक माझ्या अंगठ्याला लोंबकळत होता.

"लोखंडाच्या पेटीत मुंगळ्यांना काय मिळतं?" साहेब म्हणाले. मला चावलंय याची त्यांना फिकीर नव्हती. "बाहेर घे ते नोझल."

बाहेर घेतल्यावर मीही चमकलो. बंबाची घंटा काळवंडलेली, जोडांवर हिरवा गंज, आणि नोझल मात्र लख्ख.

"तपासणीसाठी घासलं," दौलत मागून म्हणाला.

"आणि घंटा नाही घासलीस? साहेबलोक आधी घंटेकडे बघतात, हे कुठल्याही जमादाराला माहीत असतं." साहेबांनी नोझल नाकाशी नेलं. "शिवाय हे चिंचेने घासलंय. ही चमक घरातल्या भांड्यांची. आमच्याकडे सणाच्या आधी असाच वास असतो."

मग त्यांनी नखाने आट्यांतून काहीतरी खरवडलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. पिवळट तागाचे तंतू. साहेबांनी नोझल त्याच बंबाच्या नळीला लावून फिरवलं. ते अलगद, ताग न लावता, घट्ट बसलं.

"इथे ताग लागत नाही," साहेब म्हणाले. "मग कुठे लागला होता?"

मला शेलवडी आठवली, आणि मी तिथे हसलो होतो तेही.

दौलत पाठमोरा होऊन शेडबाहेर चालला होता.

"जमादार," साहेबांनी हाक मारली, "शेलवडीचा गणू तुझा कोण?"

"साडू," तो थांबून, मागे न बघता म्हणाला.

५

होडीने खाडी ओलांडून आम्ही शेलवडीला गणू जमादाराच्या दारात पोचलो. गणूने आम्हाला बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. नोझल आमचंच होतं, कोणाकडून आणलं नव्हतं, आता ते दुरुस्तीला गेलंय, असं तो एका दमात सांगून मोकळा झाला. विचारलंही नव्हतं कोणी.

त्याची बायको सगुणा पाणी घेऊन आली. साहेबांनी तांब्या हातात घेऊन फिरवून पाहिला.

"काय सुरेख घासता हो भांडी."

"इश्श, चिंच लावली की होतंय," ती म्हणाली.

"मागच्या आठवड्यात एक वेगळंच भांडं आलं होतं ना घासायला? लांबुळकं, टोकाला निमुळतं?"

गणू खाकरला. पण तिला नवऱ्याचं खाकरणं समजलं नाही, किंवा आपल्या कामाचं कौतुक झाल्यावर कुठल्या बाईला ते ऐकू येतं! "ते ताईकडचं होय? काळं कुळकुळीत होतं हो. हे म्हणाले, तपासणी आहे, जरा उजळ. मी चांगलं दोनदा घासलं. तपासणी झाल्यावर भावोजी घेऊन गेले."

"आणि परत देताना?"

"परत देताना काय?"

"काही घातलंत त्यात?"

तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. "मग? बहिणीच्या घरचं भांडं रिकामं कसं देऊ? बरं दिसतं का ते? घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून चांगला मोठा गुळाचा खडा टाकला आत. पोरांच्या तोंडी लागेल म्हटलं. का हो, मिळाला नाही का ताईला?"

 साहेबांनी तांब्या जमिनीवर ठेवला. त्या बाईला पुढचं सांगायचं कसं, हे मला कळेना, आणि खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटलं. आमच्या घरीही शेजारणीची वाटी साखरेची चिमूट घातल्याशिवाय परत गेलेली मी पाहिली नाही. यात चूक ती काय काढायची?

साहेबांनीच सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. दौलतने नोझल तसंच नेऊन पेटीत उभं केलं. वैशाखाच्या उन्हाने पेटी तापली, गूळ पाघळून निमुळत्या टोकात उतरला आणि रात्री तिथेच घट्ट बसला. आग लागली तेव्हा पाणी त्या बुचाशी येऊन अडलं. पाण्याने तो विरघळला, पण सवडीने. लालसर पाणी आलं ते गाळाचं नव्हतं.

सगुणाने सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावून तिने फक्त एवढंच विचारलं, "त्या माणसाचं कोण कोण आहे घरी?"

"आई आहे."

"आणि तो दुसरा? ज्याला धरलाय?"

"त्याला उद्या नेतील."

"गप बस तू," गणू ओरडला. "तू काही बोलली नाहीस, आम्ही काही ऐकलं नाही. दोघांच्या नोकऱ्या जातील!"

"जाऊ देत," सगुणा म्हणाली आणि चपला शोधायला लागली. "माझ्या हातनं झालं ते दुसऱ्याच्या माथी कशाला?"

६

संध्याकाळी शेडमध्ये सगुणाने फौजदारापुढे जसं होतं तसं सांगितलं. ती बोलत असताना दौलत तिच्याकडे बघत नव्हता. तिचं बोलणं संपल्यावर त्याला काही विचारावं लागलं नाही.

"गणूचं नोझल चोरीला गेलेलं," तो म्हणाला. "दलावर ठपका आला असता, म्हणून मी आमचं दिलं. दोन दिवसांचा प्रश्न होता. आत बघितलं नाही मी. भांडं थोडंच होतं ते माझ्यासाठी! काल आग समोर, नळी हातात फुगलेली, आणि पाणी नाही. मग पाणी फुटलं, ते पहिलं माझ्या तोंडावर उडालं." त्याने ओठांवरून हात फिरवला. "गोड लागलं साहेब. तेव्हाच कळलं मला."

"आणि तरी नळी ढिली होती म्हणालास," साहेब म्हणाले.

"फौजदारांनी आधीच सहदेवचं नाव घेतलेलं. मला वाटलं, पुरावा नाही, तो सुटेल. मी फक्त..." 

माझ्या मते त्या दिवसातला गुन्हा तो हाच. गूळ नव्हे, उसनवारीही नव्हे. साहेबांनी अहवालात वेगळ्या शब्दांत तेच लिहिलं. फौजदाराने कागद मिटला आणि सहदेवला म्हणाला, "जा रे तू." माफी मागायची पद्धत त्या खात्यात नव्हती.

सहदेव दारापर्यंत गेला आणि परत आला. "दादा," तो दौलतला म्हणाला, "शिट्टी ऐकून मी आजवर कधी वाकून बघायला आलो नाही, की पुढे कोण काय करतंय. तू उभा आहेस, एवढं मला पुरत होतं." मग तो बाहेर पडला. दौलत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. मला त्याची दया आली, आणि आली याचा रागही आला.

इथे आमचं काम संपलं होतं. पण सगुणा ऐकेना. तिला आवडाबाईकडे जायचं होतं. साहेबांनी तिला परोपरीने समजावलं, की आज नको, ती तुम्हाला काय वाटेल ते बोलेल. "बोलू दे की," ती म्हणाली. शेवटी आम्ही तिच्याबरोबर गेलो. सहदेवही काही अंतरावरून मागे येत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ओसरीवर आता गर्दी नव्हती. सगुणाने आवडाबाईचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. ऐकताना म्हातारी भिंतीकडे बघत होती. आता ती हिचा जीव घेते की काय, म्हणून मी पुढे सरकलो.

आवडाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुजेवर राग कसा धरू गो पोरी?" ती म्हणाली. "मी बी तेच केला असता. कोन देतंय रिकामा भांडा?"  मग म्हणाली, "सहदेव व्हता तवर बरा व्हता. त्याला शिव्या द्याला तरी अंगात जोर याचा. आता कोनाला शिव्या देऊ मी?"

  तेवढ्यात कुंपणापाशी उभा असलेला सहदेव आत आला आणि तिच्यापुढे खाली बसला.

"मला दे, आवडाआई," तो म्हणाला. "मी ऐकतो."

आवडाबाईने त्याच्याकडे बघितलं. एक सणसणीत शिवी तिने त्याला घातली, मग दुसरी, आणि तिसरी अर्धी राहिली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती मोठ्याने रडायला लागली, आणि आम्ही दोघं हळूच अंगणातून बाहेर आलो.